कमी पैशात चालणाऱ्या प्राथमिक शाळेत टेक्नॉलॉजी कशी वापरायची? नागपूरच्या शिक्षकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नागपुरात प्राथमिकला शिकवते. शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी, फोनवर, ग्रुपवर मनपाच्या, जिल्हा परिषदेच्या आणि छोट्या अनुदानित शाळांमधले शिक्षक तेच तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतेय. सगळं पहिली ते पाचवीच्या हिशोबाने आहे. उदाहरणं मराठी माध्यमाची असली तरी हिंदी आणि उर्दू शाळांनाही बहुतेक गोष्टी तशाच लागू होतात.

आमच्या शाळेत काहीच नाहीये, सुरुवात कुठून करू?

आधी वस्तूंची यादी करू नका, आधी वर्गात नेमकं कुठे अडतंय ते बघा. समजा चौथीत 35 पोरं आहेत, तर प्रत्येकाला जवळ बसवून एक छोटा उतारा वाचायला द्या, आणि असर या मुलांची वाचनपातळी तपासणाऱ्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या चाचणीत असतात तशा पायऱ्या लावा, म्हणजे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. दोन दिवसांत तुमच्याकडे खरं चित्र येतं. कोणी अजून काना-मात्रेत अडकलंय, कोणी जोडाक्षर आलं की थांबतं, कोणी फाडफाड वाचतं पण काय वाचलं विचारलं तर गप्प. गणितात बहुतेक वेळा हातच्याची वजाबाकी आणि भागाकार ही दोन ठिकाणं सापडतील.

आता त्या अडचणीसाठी सगळ्यात स्वस्त साधन कोणतं ते शोधा. वाचन अडतंय तर टीव्हीवर किंवा फोनवर मोठ्या अक्षरात गोष्ट, ऐकून समजत नाही तर एक स्पीकर, वजाबाकी अडतेय तर पोरांची वही सगळ्यांना दिसेल असा कॅमेरा. यातलं बरंचसं शिक्षकाच्या स्वतःच्या फोनवर उद्यापासून सुरू होतं. मी हे एवढं जोर देऊन सांगतेय कारण उलट्या बाजूने सुरुवात झालेल्या कितीतरी शाळा बघितल्यात, आधी सामान येतं, मग फीत कापतात, मग ती खोली कुलपात जाते आणि चावी मुख्याध्यापकांच्या ड्रॉवरमध्ये. दोष कोणाचाच नसतो, फक्त ते सामान कशासाठी आणलंय हे कोणी ठरवलेलंच नसतं.

टीव्ही घ्यावा, प्रोजेक्टर घ्यावा की तो मोठा टच पॅनल?

एकच घ्यायचं असेल तर माझं मत साध्या 43 इंची एलईडी टीव्हीला, ज्याला दोन एचडीएमआय आणि एक यूएसबी पोर्ट आहे. प्रोजेक्टर मोठा दिसतो पण त्याला अंधार लागतो, आणि आपल्याकडे अंधार करायचा म्हणजे खिडक्या बंद, खिडक्या बंद म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये पोरं भाजून निघणार. शिवाय फिल्टरमध्ये धूळ बसते, दिवा गेला की नवा घ्यायला पैसे नाहीत, आणि शिक्षक समोर उभा राहिला की सावली. टच पॅनल छान आहे, कोणी देत असेल तर जरूर घ्या, पण स्वतःच्या पैशाने घेऊ नका. तेवढ्याच पैशात दोन-तीन वर्गांत टीव्ही लागतात, आणि माझ्या मते तीन वर्गांत रोज चालणारी साधी गोष्ट एका वर्गातल्या भारी गोष्टीपेक्षा जास्त कामाची.

लावताना उंचीकडे लक्ष द्या. ऑफिसमध्ये लावतात तसा छताजवळ नको, खाली जमिनीवर बसलेल्या पहिलीच्या पोराची मान दुखते. फळ्याच्या बाजूला, फळ्याच्याच उंचीवर, आणि खिडकीचा उजेड समोरून पडणार नाही असा. पाठीमागच्या भिंतीला ओल असेल तर मधे लाकडी पट्ट्या टाका.

लाईट जाते त्याचं काय?

शहरात कमी, पण पारडी-कळमना-वाडीकडे आणि ग्रामीण भागात अजूनही जाते, खास करून उन्हाळ्यात आणि पहिल्या पावसात. इन्व्हर्टरचा हिशोब सोपा आहे. 12 व्होल्ट 150 अॅम्पिअर-तासाची बॅटरी म्हणजे कागदावर 1800 वॅट-तास. त्यातले साठ टक्के हाताशी धरा, म्हणजे साधारण 1080. टीव्ही 80 वॅट, स्पीकर 10, दोन पंखे दीडशे, झाले 240. म्हणजे चार-साडेचार तास आरामात. फक्त टीव्ही आणि स्पीकरच लावला तर पूर्ण दिवस निघतो. आणि तेवढंही परवडत नसेल तर चार्ज होणारा ब्लूटूथ स्पीकर आणि फोन, दोन्ही लाईटशिवाय चालतात, त्या दिवशीचा तास ऐकण्याचा ठेवा.

नेट नाहीये किंवा इतकं हळू आहे की व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. मग?

वर्गात नेटवर अवलंबूनच राहू नका. हा नियम मी नेट चांगलं असलेल्या शाळेलाही सांगते, कारण 35 पोरांसमोर ते गोल चक्र फिरायला लागलं की दोन मिनिटांत वर्ग हातातून जातो आणि परत यायला दहा मिनिटं लागतात. घरून किंवा जिथे वायफाय मिळेल तिथून आदल्या दिवशी डाउनलोड करा आणि पेनड्राइव्हवर घ्या.

पेनड्राइव्हची एक अडचण जवळजवळ प्रत्येक शाळेतून येते: लॅपटॉपवर फाईल दिसते पण टीव्हीवर दिसत नाही. बऱ्याच टीव्हींना एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅट वाचता येत नाही, फॅट32 बहुतेकांना चालतो, त्यामुळे पेनड्राइव्ह त्यात फॉरमॅट करा, आधी आतला डेटा काढून घेऊन. फॅट32 मध्ये एक फाईल 4 जीबीपेक्षा मोठी ठेवता येत नाही पण पाच-सात मिनिटांच्या व्हिडिओला त्याचा काही त्रास नाही. फाईल एमपी4 ठेवा. फोल्डरची नावं इयत्ता, विषय, पाठ अशी द्या, आणि फाईलच्या नावाआधी 01, 02 असे आकडे टाका म्हणजे रिमोटने शोधत बसावं लागत नाही. हे सगळं एकदा करून ठेवलं की वर्षभर पुरतं, आणि शेजारच्या शाळेला कॉपी करून देता येतं.

दीक्षा या सरकारच्या मोफत अभ्यासाच्या अॅपमध्येही मजकूर डाउनलोड करून नंतर ऑफलाइन बघता येतो. पुस्तकातला क्यूआर कोड फाटला असेल किंवा कॅमेरा खराब असेल तर कोडखाली छापलेला सहा अक्षरी कोड अॅपमध्ये टाइप करा, तोच धडा उघडतो. जास्त तयारीच्या शाळेसाठी कोलिब्री नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, ते एका जुन्या लॅपटॉपवर टाकलं की आजूबाजूच्या टॅबना तो लॅपटॉप स्वतःच मजकूर पुरवतो, नेट लागत नाही. पण त्यासाठी शाळेत एक तरी माणूस असा हवा ज्याला सेटिंगमध्ये हात घालायला भीती वाटत नाही.

एक फोन आणि चाळीस पोरं, यात काय होणार?

खूप काही होतं, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त फरक इथेच पडतो.

फोनला एक लवचिक मानेचा स्टँड घ्या, सीताबर्डीत मोबाईलच्या सामानाच्या दुकानात मिळतो, महाग नाही. फोन टेबलावर उलटा, कॅमेरा खाली वहीकडे, आणि फोनचा स्क्रीन टीव्हीवर. केबलने जोडता आलं तर उत्तम, नाही तर टीव्हीचं स्क्रीन मिररिंग. आता पोराची वही त्या कॅमेऱ्याखाली ठेवा. 52 वजा 27 हे गणित आहे आणि पोराने उत्तर लिहिलंय 35. सगळ्या वर्गाला मोठ्ठं दिसतंय. मी विचारते, याने 35 कसं आणलं असेल, कोण सांगेल? बरोबर काय ते मी विचारतच नाही. मग कोणीतरी उठतं आणि म्हणतं, "मॅडम, त्याने सातातून दोन काढले, दोनातून सात जातच नाही म्हून." बघा, पोरांनी स्वतः चूक कुठे झाली ते शोधलं. मग तोच मुलगा त्याच कॅमेऱ्याखाली दशकाची एक जुडी सोडवून दहा सुट्ट्या काड्या करतो आणि पुन्हा सोडवतो, आणि त्याचे हात, काड्या, वही सगळं टीव्हीवर. पहिल्यांदा पोरं थोडी लाजतात, म्हणून सुरुवातीला माझ्या हस्ताक्षरात लिहिलेली चुकीची उदाहरणं ठेवते, कोणाचं नाव नाही. काही दिवसांत पोरंच म्हणतात माझी वही लावा.

दुसरा उपयोग रेकॉर्डिंगचा. एक पोर कोपऱ्यात बसून एक परिच्छेद वाचतं, फोनवर रेकॉर्ड होतं, मग तेच स्वतः ऐकतं. मोठ्यांना सांगूनही कळत नाही की आपण कुठे अडखळतो, पण स्वतःचा आवाज ऐकला की सात वर्षांच्या पोराला लगेच कळतं आणि ते स्वतःहून म्हणतं पुन्हा करतो. महिन्यातून एकदा तेच पोर, तोच उतारा, आणि जुनं रेकॉर्डिंग जपून ठेवा. पालकसभेत ऑगस्टचं आणि डिसेंबरचं एकामागे एक ऐकवलं तर कोणताही रिपोर्ट कार्ड दाखवायची गरज पडत नाही.

बाकी पोरांनी तोवर काय करायचं? गट करा. एक गट फोनजवळ, एक गट पुस्तकं वाचतोय, एक गट काड्या-मणी घेऊन गणित करतोय, आणि तुम्ही ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांच्यासोबत. पंधरा मिनिटांनी फिरवा. पहिला आठवडा गोंधळ होईल, होऊ द्या.

मराठीत फुकट आणि चांगलं काय मिळतं?

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या ई-बालभारतीच्या साइटवर पीडीएफमध्ये आहेत. टीव्हीवर पुस्तकाचंच पान उघडून बोट ठेवत वाचणं हे साधं वाटतं पण ज्या वर्गात अर्ध्या पोरांचं पुस्तक फाटलेलं असतं तिथे फार मोठी गोष्ट आहे. पुस्तकांतल्या क्यूआर कोडमागे दीक्षा, जी 2017 मध्ये सुरू झाली. क्यूआर कोडची कल्पना आधी सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी वापरली, आणि 2020 मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. मला या गोष्टीचा फार अभिमान आहे, कारण ती एका छोट्या खेड्यातल्या झेडपी शाळेतून निघाली.

गोष्टींसाठी प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. मराठीत भरपूर, पातळीनुसार लावलेल्या, डाउनलोड करता येतात, प्रिंट काढता येते, त्यांच्या खुल्या परवान्यामुळे बदल करून स्वतःची आवृत्तीही बनवता येते, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवायचं. विज्ञान-गणितासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचे फेट सिम्युलेशन, त्यातले बरेच मराठीत आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवाय चालतात, चौथी-पाचवीला अपूर्णांक दाखवायला फार छान. आणि अरविंद गुप्तांची खेळण्यांची साइट. आगपेटीच्या काड्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, स्ट्रॉ यातून विज्ञान. व्हिडिओ बघायचा पाच मिनिटं आणि मग अर्धा तास हाताने करायचं, हेच प्रमाण मला योग्य वाटतं. आपल्याच शहरात मनपा शाळेतली पोरं अपूर्व विज्ञान मेळाव्यात स्वस्त सामानातून प्रयोग करून दाखवतात, ते एकदा जाऊन बघाच.

आमच्या पोरांची घरची भाषा वेगळीच आहे. मराठी व्हिडिओही त्यांना कळत नाही.

हा प्रश्न नागपुरात फार खरा आहे. एकाच वर्गात घरी वऱ्हाडी बोलणारी, हिंदी बोलणारी, छत्तीसगढी बोलणारी, कधी गोंडी बोलणारी पोरं असतात. पुण्या-मुंबईच्या आवाजातला व्हिडिओ लावला की पोरं चित्रं बघतात, शब्द डोक्यावरून जातात.

इथे फोन खरंच कामाला येतो. पोरांच्या आजीला, आईला शाळेत बोलवा किंवा घरी जा, आणि त्यांच्या भाषेत एक गोष्ट, एक जात्यावरची ओवी, भाजीची नावं, काहीही रेकॉर्ड करा. ते वर्गात ऐकवा, मग पोरांनाच विचारत त्याची पुस्तकी मराठी करा. एक पोरगी कावळ्याचं चित्र बघून म्हणाली, "मॅडम, थो उडूनच नाई राहिला." ते वाक्य फळ्यावर तसंच लिहिलं, खाली "तो उडतच नाही" लिहिलं, आणि दोन्ही वाचले. तिची भाषा चूक आहे असं कुठेच म्हटलं नाही. जे पोर एरवी तोंड उघडत नाही ते त्या दिवशी बोलतं. मूक व्हिडिओही वापरा, आवाज बंद करून, आणि पोरांना सांगा तुम्हीच बोला यात काय चाललंय, ज्या भाषेत येईल त्या भाषेत.

प्रत्येक पोराला टॅब दिला तर सगळे प्रश्न सुटतील ना?

नाही सुटणार, आणि हे आधीच करून बघितलेलं आहे. एक मूल एक लॅपटॉप ही मोहीम जगभर चालली, आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका छोट्या गावच्या शाळेतही 2007 मध्ये ते लॅपटॉप आले. पेरू देशात लाखो लॅपटॉप वाटले, आणि 2012 मध्ये जो अभ्यास बाहेर आला त्यात गणितात आणि भाषेत काही फरक दिसला नाही. पोरांना यंत्र चालवता यायला लागलं, पण शिकवण्याचा भाग जसाच्या तसा राहिला.

याच्या उलट दिल्लीत एक अभ्यास झाला, 2019 मध्ये छापून आला. मोठ्या वर्गांची, सहावी ते नववीची गरीब घरची मुलं शाळेनंतर केंद्रात जायची, तिथे कॉम्प्युटरचा प्रोग्राम प्रत्येकाला त्याच्या खऱ्या पातळीचे प्रश्न द्यायचा आणि सोबत छोट्या गटात शिकवणारा माणूसही असायचा. साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगलीच वाढ झाली. कारण ती मुलं इयत्तेच्या मानाने कितीतरी मागे होती आणि त्यांना जिथे ती होती तिथून शिकवलं गेलं. म्हणून कोणी टॅब देतो म्हणालं तर दोनच गोष्टी विचारा, यात पोराच्या पातळीप्रमाणे धडा बदलतो का, आणि शिक्षकाला कोण मदत करणार. उत्तर नीट मिळालं तर घ्या. दहा टॅब पुरतात, चाळीस नकोत, एका टॅबवर दोन पोरं बसली की एकमेकांशी बोलतात आणि त्यातच शिकतात.

व्हिडिओ लावला की वर्ग एकदम शांत. मग चांगलंच ना?

शांत आहे म्हणजे शिकतोय असं नाही. पाच मिनिटांच्या व्हिडिओत तीन-चार वेळा थांबवा. थांबवण्याआधी विचारा, आता पुढे काय होईल? बी पाण्यात टाकलं, उद्या काय दिसेल? प्रत्येकाने शेजाऱ्याला सांगायचं, मग पुढे चालवायचं. संपल्यावर वहीत एक चित्र किंवा दोन वाक्यं. तुम्ही मागे बसून वह्या तपासत असाल आणि व्हिडिओ चालू असेल तर तो तास गेला समजा. मला कल्पना आहे की दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसावं लागतं तेव्हा हा मोह होतो, आणि द्विशिक्षकी शाळेत तर पर्यायच नसतो, तर अशा वेळी व्हिडिओऐवजी ऐकण्याची गोष्ट आणि त्यावर चित्र काढायचं काम द्या, तेव्हा पोरांचे हात चालू राहतात.

रोज किती वेळ स्क्रीन चालेल?

ऑनलाइन वर्गांसाठी केंद्र सरकारने जुलै 2020 मध्ये प्रज्ञाता नावाच्या सूचना काढल्या होत्या, त्यात पूर्वप्राथमिकसाठी 30 मिनिटं आणि पहिली ते आठवीसाठी 30 ते 45 मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं अशी मर्यादा होती. शाळा भरते आहे तेव्हा तर याहून कमीच ठेवा. मी पहिली-दुसरीला दिवसाला पंधरा मिनिटं आणि तिसरी ते पाचवीला अर्ध्या तासाच्या आत ठेवते.

घरी एकच फोन, तोही बाबांकडे. व्हॉट्सअपवर अभ्यास पाठवायचा का?

बंधनकारक करू नका, एवढं मनापासून सांगते. कळमना मार्केटला हमाली करणारा बाप पहाटे फोन घेऊन निघतो, रात्री येतो, रिचार्ज संपलेला असतो. पोर म्हणतं, "मॅडम, मोबाईल बाबा घेऊन जाते कामाले." त्या पोराने अभ्यास केला नाही म्हणून उभं केलं तर ते दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. लॉकडाऊनमध्ये राज्याने 'शाळा बंद पण शिक्षण आहे' मधून रोजचा अभ्यास पाठवला, व्हॉट्सअपवर स्वाध्याय आलं, चांगले प्रयत्न होते, पण ज्यांच्या घरी फोन नव्हता ती पोरं मागे पडली आणि वर्ग सुरू झाल्यावर हे आम्ही वहीवर बघितलं.

मग व्हॉट्सअप कशाला वापरायचं? पालकांशी बोलायला. लांब लिहिलेला मेसेज नको, कितीतरी आयांना वाचता येत नाही. एका मिनिटाचा व्हॉइस मेसेज, संध्याकाळी सात-आठच्या पुढे, त्यांच्याच बोलीत: आज तुमच्या पोरीने पहिल्यांदा पूर्ण गोष्ट वाचली, तिला घरी वाचून दाखवायला सांगा. तक्रारीचे मेसेज ग्रुपवर कधीच नको.

पैसे कुठून आणायचे?

सरकारी आणि मनपा-झेडपीच्या शाळांना केंद्राच्या समग्र शिक्षा योजनेमधून संयुक्त शाळा अनुदानाची तरतूद आहे, पटाप्रमाणे: 30 पर्यंत पट असेल तर 10 हजार, 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार, 1000 पर्यंत 75 हजार, त्यापुढे 1 लाख. त्यातला किमान 10 टक्के भाग स्वच्छतेवर. यात लाईट बिल, खडू, दुरुस्ती सगळं बसवायचं असतं म्हणून टीव्हीला फार उरत नाही, पण स्टँड, स्पीकर, पेनड्राइव्ह, केबल यांची सोय होऊ शकते. खर्च शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने करा. कायद्याने त्या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला, तर त्यांना खरंच बोलवा आणि विचारा, नुसत्या सह्या घेऊ नका.

मोठ्या सामानासाठी लोकसहभाग, माजी विद्यार्थी, आणि कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा निधी. 2013 च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना नफ्याच्या 2 टक्के खर्च करावा लागतो आणि शिक्षण त्यात बसतं. हिंगणा, बुटीबोरीकडे कंपन्या आहेत. अर्ज एका पानाचा करा: पट किती, वाचनाची आजची पातळी काय, काय हवंय, कोण वापरणार, सहा महिन्यांनी काय दाखवणार. आणि देणाऱ्याला स्पष्ट सांगा की दुरुस्तीचे पैसेही त्यातच धरा. रिपेअरिंगला पाच-सहाशे रुपये नाहीत म्हणून टीव्ही वर्षभर बंद राहतो, हे फार ठिकाणी होतं.

आम्हाला वेळच नाही, आणि काही सिनिअर शिक्षकांना हे जमत नाही.

वेळ नाही हे शंभर टक्के खरं आहे. सरल आणि यूडायस या सरकारी पोर्टलवर माहिती भरणं, पोषण आहाराची रोजची माहिती, आधार, वरून सर्वेक्षणं. म्हणून मी कोणालाही नवीन पाठटाचण बनवायला सांगत नाही. आठवड्यात एकच तास निवडा आणि तो सुधारा, पुढच्या महिन्यात दुसरा. टायपिंगचा त्रास असेल तर फोनच्या कीबोर्डवर मराठी बोलून लिहा, वर्कशीट दहा मिनिटांत होते, नंतर एकदा वाचून दुरुस्त करायची.

सिनिअर शिक्षकांबद्दल लोक पटकन बोलतात ते मला आवडत नाही. ज्यांनी तीस वर्षं वजाबाकी शिकवली त्यांना पोर कुठे चुकतं ते आपल्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना फोन स्टँडवर लावून द्या, बटण दाबायला पाचवीतलं एखादं पोर द्या, आणि त्यांचं शिकवणं बघा. ट्रेनिंगमध्ये पन्नास स्लाईड बघून जे होत नाही ते शेजारच्या वर्गात एक तास बसून होतं.

पोरांचे फोटो-व्हिडिओ ग्रुपवर टाकले तर चालतात का?

काळजीने. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला, त्यात 18 वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हा मुद्दा आहे. वर्षाच्या सुरुवातीला पालकांकडून साध्या मराठीत लिहिलेली संमती घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. पोरांचं पूर्ण नाव, पत्ता, आधार कुठल्याही फुकट अॅपमध्ये भरू नका. बूट-वही वाटपाचे फोटो, ज्यात पोर हात पुढे करून उभं आहे, ते तर टाकूच नका. त्या पोरालाही मान आहे. काही गडबड वाटली तर चाइल्ड हेल्पलाइन 1098, ऑनलाइन फसवणुकीसाठी 1930, हे दोन नंबर ऑफिसच्या भिंतीवर लावा.

एआय वापरायचं का? आणि कोडिंग?

पाचवीपर्यंत पोरांच्या हातात एआय नको असं माझं मत. शिक्षकाने वापरावं, एकाच गोष्टीच्या तीन पातळ्या बनवायला, शाब्दिक उदाहरणं बनवायला. "मुंबईची लोकल" ऐवजी "महाराजबागेत जाताना" असं सांगितलं की उदाहरण आपल्या पोरांचं होतं. पण जोडाक्षरं, लिंग, गणिताचं उत्तर तपासल्याशिवाय वर्गात नेऊ नका, चुका असतात. कोडिंगची घाई नाही. जे पोर वाचत नाही त्याला आधी वाचू द्या.

नागपूरच्या उन्हात आणि सुट्टीत सामान कसं टिकवायचं?

पत्र्याच्या छताखाली, उन्हाच्या भिंतीला टेकून ठेवलेल्या कपाटात टॅब आणि पॉवर बँक ठेवू नका, बॅटऱ्या फुगतात. फुगलेली बॅटरी दिसली की वापर लगेच बंद, चार्जिंगला तर लावायचीच नाही. विदर्भात शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात, म्हणजे जवळजवळ दोन महिने सामान बंद. टॅब साधारण अर्धे चार्ज करून ठेवा. इन्व्हर्टरच्या बॅटरीत मे महिन्यात डिस्टिल्ड वॉटर बघायला कोणीतरी जायलाच हवं, नाहीतर जूनमध्ये बॅटरी मेलेली सापडते, तर सुट्टी लागायच्या आधीच कोण जाणार ते ठरवा आणि चावी द्या. पावसाळ्यात विजा चमकायला लागल्या की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

फायदा झाला की नाही हे कसं कळणार?

किती तास टीव्ही चालला हे मोजू नका. पहिल्या प्रश्नात सांगितलेली वाचनाची चाचणी तीन महिन्यांनी पुन्हा घ्या, तेच उतारे नकोत, तशाच पातळीचे दुसरे. अक्षराच्या पायरीवरची किती पोरं शब्दावर आली ते लिहा. कोणीच हललं नसेल तर साधन बदला किंवा वापरायची पद्धत बदला. केंद्राच्या निपुण भारत अभियानाचं उद्दिष्ट 2026-27 पर्यंत तिसरीच्या शेवटी प्रत्येक पोराला समजून वाचता यावं असं आहे, त्यामुळे ही नोंद अशीही वरून मागितली जातेच, एकदाच नीट ठेवा.

खोलीत दहा वर्षांपूर्वीचे बंद कॉम्प्युटर पडलेत. फेकायचे का?

फेकू नका, भंगारवाल्यालाही परस्पर देऊ नका. ते डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, चढलेले असतात, पुढे ऑडिटमध्ये तुम्हालाच विचारतील. आधी एखाद्या ओळखीच्या आयटीआयच्या किंवा पॉलिटेक्निकच्या पोरांना बोलावून बघा, दोन-तीन बंद मशीनमधून एक चालू मशीन बऱ्याचदा निघते, त्यावर हलकं लिनक्स टाकलं की चित्र काढायला टक्स पेंट मस्त चालतं. जे खरंच मेलंय त्याची यादी करा, समितीचा ठराव घ्या, केंद्रप्रमुखांमार्फत निर्लेखनाचा, म्हणजे त्या रजिस्टरमधून कमी करण्याचा, प्रस्ताव पाठवा, आणि मंजुरी आली की नोंदणी असलेल्या ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, पावती फाईलला लावा. हार्ड डिस्क मात्र आधी काढून घ्या, त्यात जुन्या पोरांची माहिती असते.